स्वयंपाकघरातले पाणी आणि निजायच्या खोलीतली अंडी

शिक्षकांच्या शिबिरांत विज्ञानप्रयोगांविषयी बोलणे सुरू झाले की एक प्रश्न हमखास पुढे येतो. "प्रयोग छान आहेत हो, पण करायचे कुठे?" प्रश्न खराच आहे. अनेक शाळांत प्रयोगशाळा म्हणून जी खोली असते तिच्यात मोडकी बाके रचलेली असतात, नाहीतर जागेअभावी एखादी तुकडी तिथेच बसवलेली असते. घरी काही करावे म्हटले तर दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात लिहिण्याचे टेबलसुद्धा जेवणाच्या वेळी मोकळे करून द्यावे लागते.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे मिळतात. पहिले उत्तर निराशेचे: जागा नाही, साधने नाहीत, तेव्हा विज्ञान फळ्यावरच शिकवायचे. दुसरे उत्तर व्यासपीठावरून येते: मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी स्वयंपाकघरात शोध लावले, मग तुमचेच काय अडते? आम्हाला ही दोन्ही उत्तरे पटत नाहीत. घराच्या कोपऱ्यात विज्ञान झाले हे खरे आहे. पण ते कसे झाले, कोणावर तशी पाळी आली आणि का आली, हे पाहिल्याशिवाय त्यातून धडा काढणे योग्य नाही. म्हणून या लेखात आपण विज्ञानाच्या इतिहासातील अशा काही खोल्यांत डोकावून पाहू.

घर हीच प्रयोगशाळा

घर वेगळे आणि प्रयोगशाळा वेगळी ही विभागणी तशी अलीकडची आहे. अठराव्या शतकात बहुतेक संशोधक घरातच काम करीत. इंग्लंडमधील बाथ या गावी राहणारा विल्यम हर्शेल हा पेशाने संगीतकार होता. त्याने आपल्या घरामागच्या बागेतून, स्वतः घडवलेल्या दुर्बिणीने, १३ मार्च १७८१ रोजी एक नवीन खस्थ ज्योती पाहिली. तोच युरेनस ग्रह. आणखी मोठा आरसा ओतण्यासाठी त्याच वर्षी त्याने घराच्या तळघरात भट्टी पेटवली. साच्यासाठी घोड्याची लीद कुटून चाळण्याच्या कामाला त्याची बहीण कॅरोलिनही होती. वितळलेला धातू गळून फरशीवर सांडला, तापलेल्या फरशा तडकून उडू लागल्या आणि सर्वांना जीव घेऊन पळावे लागले. हीच कॅरोलिन पुढे आठ धूमकेतूंची शोधक म्हणून प्रसिद्धीस आली.

मूलद्रव्यांना आज आपण जी अक्षरचिन्हे वापरतो ती रूढ करणारा स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याची गोष्टही अशीच. १८२३ साली फ्रीडरिश वोलर हा तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञ त्याच्याकडे शिकण्यासाठी स्टॉकहोमला गेला. युरोपभर नाव झालेल्या या माणसाची प्रयोगशाळा म्हणजे घरातल्या दोन साध्या खोल्या निघाल्या. तिथे ना भट्टी, ना वायूची जोडणी, ना पाण्याचा नळ. तापवण्याची सोय शेजारच्या स्वयंपाकघरात, आणि प्रयोगाची भांडी घासण्याचे काम ॲना नावाच्या स्वयंपाकिणीकडे. अणुभारांची त्या काळची सर्वांत भरवशाची कोष्टके याच माणसाने तयार केली.

याच सुमारास चित्र पालटू लागले. युस्टुस फॉन लीबिख १८२४ साली जर्मनीतील गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्याने तिथे अनेक विद्यार्थी एकाच वेळी काम करू शकतील अशी प्रयोगशाळा उभी केली, आणि हळूहळू तोच नमुना सगळीकडे रूढ झाला. हा बदल विज्ञानाला फार उपकारक ठरला यात शंका नाही. साधने सामाईक झाली, शिक्षण पद्धतशीर झाले. पण प्रयोगशाळा घरातून विद्यापीठात गेली तेव्हा तिला एक दार बसले, आणि त्या दारातून कोणाला आत सोडायचे हे ठरवणारेही आले. आपल्या पुढच्या दोन कथा या दाराबाहेर राहिलेल्यांच्या आहेत.

पत्र्याची पन्हळ

ॲग्नेस पॉकेल्स यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी व्हेनिस येथे झाला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. हिवतापाने त्यांची प्रकृती ढासळली आणि १८७१ साली हे कुटुंब जर्मनीतील ब्राउनश्वाइग गावी येऊन राहिले. ॲग्नेस मुलींच्या शाळेत शिकल्या. पदार्थविज्ञानाची त्यांना विलक्षण गोडी होती. परंतु त्या काळी तिथल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. धाकटा भाऊ फ्रिट्झ पदार्थविज्ञान शिकू लागला व पुढे प्राध्यापक झाला. ॲग्नेस घरीच राहिल्या. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम त्यांच्या वाट्याला आले. भाऊ आपली पुस्तके त्यांना वाचायला देई.

वयाच्या विशीच्या आसपास त्यांनी पाण्याच्या पृष्ठभागाचे निरीक्षण सुरू केले. भांडी धुताना तेलकट पाणी आणि स्वच्छ पाणी यांची वागणूक वेगळी दिसते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणाच्याही नजरेला पडते. पॉकेल्सबाईंनी हा फरक मोजायचे ठरवले. त्यासाठी त्यांनी वापरलेले साधन असे होते: पत्र्याची एक उथळ पन्हळ, लांबी ७० सेंटिमीटर, रुंदी ५ सेंटिमीटर आणि उंची २ सेंटिमीटर. ती काठोकाठ पाण्याने भरायची. तिच्यावर आडवी, सुमारे दीड सेंटिमीटर रुंदीची पत्र्याची पट्टी अशी ठेवायची की पट्टीची खालची बाजू पाण्याला टेकेल. पट्टीमुळे पृष्ठभागाचे दोन भाग होतात. पट्टी डावीउजवीकडे सरकवली की एका बाजूचे क्षेत्रफळ कमी व दुसऱ्या बाजूचे जास्त होते, आणि ते किती बदलले हे पन्हळीला लावलेल्या मोजपट्टीवर वाचता येते. पृष्ठताण मोजण्यासाठी ६ मिलिमीटर व्यासाची छोटी चकती पाण्यावर टेकवायची, आणि ती पाण्यापासून सुटण्यास किती वजन लागते ते हलक्या तराजूने पाहायचे.

या साधनात खरी खुबी कोणती? पाण्याचा पृष्ठभाग स्वच्छ मिळणे ही त्या काळची मोठी अडचण होती. हाताचा तेलकटपणा, हवेतील धूळ, भांड्याच्या कडेला राहिलेला अंश, काहीही पृष्ठताण बदलून टाकते. सरकत्या पट्टीने ही अडचण सोडवली. पट्टीने पृष्ठभाग एका टोकाकडे निपटून घेतला की तिच्या मागे ताजा, स्वच्छ पृष्ठभाग उघडा पडतो. म्हणजे जी घाण इतरांच्या प्रयोगात विघ्न आणीत होती तिला बाईंनी ताब्यात घेतले, आणि तीच अभ्यासाचा विषय केली.

आता तेलाचा अगदी सूक्ष्म अंश पृष्ठभागावर सोडून क्षेत्रफळ हळूहळू कमी करत नेले तर काय होते? सुरुवातीला काहीच होत नाही. पृष्ठताण शुद्ध पाण्याइतकाच राहतो. एका ठराविक क्षेत्रफळाला पोचल्यावर मात्र तो एकाएकी कमी होऊ लागतो. पट्टी मागे घेतली की पूर्ववत होतो. जवळजवळ दहा वर्षे त्यांनी ही मापने केली, आणि बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता नव्हता.

इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले याच विषयावर काम करीत असल्याचे कळल्यावर १० जानेवारी १८९१ रोजी त्यांनी रॅले यांना जर्मन भाषेत पत्र लिहिले. आपले निष्कर्ष विज्ञानविषयक नियतकालिकात छापून आणणे आपल्याला शक्य नाही, असेही त्यात नमूद केले. रॅले यांच्या पत्नीने पत्राचे भाषांतर केले. अगदी घरगुती साधनांनी मोलाचे निष्कर्ष काढणाऱ्या एका जर्मन बाईंचे हे पत्र छापावे, अशी शिफारस रॅले यांनी 'नेचर'च्या संपादकांकडे केली, आणि १२ मार्च १८९१ च्या अंकात ते प्रसिद्ध झाले. रॅले यांच्या मनाच्या मोठेपणाची ही खूण आहे. याच विषयावर ते स्वतः काम करीत होते. पत्र फडताळात टाकून देणे त्यांना अवघड नव्हते.

पृष्ठताण एकाएकी का बदलतो याचे उत्तर रॅले यांनी १८९९ साली दिले. त्या ठराविक क्षेत्रफळाला तेलाचे रेणू पाण्यावर खांद्याला खांदा लावून एकेरी थरात उभे असतात. त्याहून जागा जास्त असेल तर ते विरळ राहतात, कमी झाली की एकमेकांना रेटू लागतात. या थराची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास येते. रेणू दिसण्याचा संभव नव्हता, रेणू खरोखर असतात का यावरही वाद चालू होते, अशा काळात रेणूच्या आकारमानाचा अंदाज बांधण्याची वाट एका पत्र्याच्या पन्हळीतून निघाली. पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर याने हेच साधन सुधारून वापरले. पृष्ठरसायनातील संशोधनासाठी त्याला १९३२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते साधन आज सामान्यतः लँगम्यूरच्या नावाने ओळखले जाते. त्याच १९३२ साली, सत्तरी गाठलेल्या पॉकेल्सबाईंना ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९३५ साली त्यांचे निधन झाले.

शिवणाच्या सुया

दुसरी खोली इटलीतील तुरिन शहरात आहे. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांचा जन्म २२ एप्रिल १९०९ चा. १९३६ साली त्या वैद्यकीय पदवीधर झाल्या आणि आपले गुरू जुझेप्पे लेव्ही यांच्याकडे चेतासंस्थेवर संशोधन करू लागल्या. १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीने वांशिक कायदे केले. ज्यू लोकांना विद्यापीठांतून काढून टाकण्यात आले. रिटा ज्यू होत्या, त्यांचे गुरूही ज्यू होते. दोघांनाही प्रयोगशाळा बंद झाली.

काही काळ ब्रुसेल्सला काढून त्या परतल्या, आणि १९४० साली, एका सहाध्यायी मित्राने डिवचल्यावर, त्यांनी आपल्या निजायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. सूक्ष्मदर्शक, ऊतींचे पातळ छेद घेण्याचे यंत्र आणि अंडी उबवण्याची छोटी पेटी ही मोठी साधने. बाकीची अवजारे बाजारातून आणि घरातून जमवलेली: घड्याळजीचा चिमटा, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची नाजूक कात्री, आणि घासून धार लावलेल्या शिवणाच्या सुया.

प्रयोगाचा विषय त्यांना आगगाडीत सापडला. युद्धामुळे प्रवाशांसाठी गुरांचे डबे वापरले जात होते. अशाच एका डब्यात बसून त्यांनी व्हिक्टर हॅम्बर्गर यांचा १९३४ सालचा निबंध वाचला. कोंबडीच्या भ्रूणाच्या पंखाचा अंकुर सुरुवातीलाच कापून टाकला तर मज्जारज्जूच्या त्या बाजूला चेतापेशी फार कमी दिसतात, असे हॅम्बर्गर यांना आढळले होते. अवयवाकडून काही इशारा मिळत नसल्यामुळे पेशी तयारच होत नाहीत, असे त्यांचे अनुमान होते.

या जागेला हा विषय किती चपखल बसला ते पाहा. अंडे ही निसर्गाने दिलेली तयार प्रयोगशाळाच आहे. अन्न आत, पाणी आत, संरक्षणाला कवच. बाहेरून लागते ती ऊब आणि कवचातून आत जाणारी हवा. कवचाला छोटी खिडकी पाडून शस्त्रक्रिया करायची, खिडकी बंद करायची आणि अंडे पुन्हा पेटीत ठेवायचे. मग ठरावीक दिवसांनी भ्रूण काढून त्याचे पातळ छेद घ्यायचे, चांदीच्या क्षारांनी चेतापेशी रंगवायच्या आणि मोजायच्या.

रिटा यांनी केवळ शेवट पाहिला नाही, दिवसागणिक मोजणी केली. तेव्हा वेगळेच दृश्य दिसले. अवयव कापलेल्या बाजूलाही पेशी तयार होत होत्या, त्यांना तंतू फुटत होते, ते नसलेल्या अवयवाच्या दिशेने निघतही होते. त्यानंतर त्या पेशी मरत होत्या. म्हणजे अवयवाकडून येणारी गोष्ट पेशींना जन्म देणारी नव्हती, त्यांना जगवणारी होती. बेल्जियममधून परतलेले त्यांचे गुरू लेव्ही या खोलीत आता मदतनीस म्हणून काम करीत होते. इटलीतील नियतकालिकांना ज्यू लेखक चालत नव्हते, म्हणून दोघांचा निबंध बेल्जियममधील नियतकालिकात छापला गेला.

१९४२ साली तुरिनवर जोरदार बाँबवर्षाव होऊ लागला. कुटुंब खेड्यातल्या घरी हलले, आणि प्रयोगशाळा बसायच्या खोलीच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या टेबलावर आली. वीज वरचेवर जाई. अंडी दुर्मिळ झाली होती. रिटा सायकलवरून शेतकऱ्यांच्या घरोघरी जात आणि आपल्या बाळांसाठी म्हणून फलित अंडी मागून आणीत. भ्रूण काढून घेतल्यावर उरलेल्या अंड्याचे घरात जेवण होई. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन सैन्याने इटली व्यापल्यावर तेही टेबल सोडावे लागले. खोट्या नावाने त्या कुटुंबासह फ्लॉरेन्सला लपून राहिल्या.

युद्ध संपल्यावर हॅम्बर्गर यांच्या वाचनात तो निबंध आला. आपले अनुमान खोडून काढणाऱ्या बाईंना त्यांनी अमेरिकेतील सेंट लुईस येथे बोलावून घेतले. १९४७ साली काही महिन्यांसाठी गेलेल्या रिटा तिथे अनेक वर्षे राहिल्या. चेतापेशींना जगवणाऱ्या आणि वाढवणाऱ्या घटकाचा शोध तिथेच लागला, आणि त्यासाठी स्टॅन्ली कोहेन यांच्यासह त्यांना १९८६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१२ साली, वयाच्या १०३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

देवळालीचे मास्तर

आपल्याकडचे एक उदाहरण शिक्षकांना आठवल्याशिवाय राहणार नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळामास्तर होते. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे कागद आणि पेन्सिल. १९४९ साली त्यांना पुढील गंमत सापडली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा आणि हेच पुनःपुन्हा करा. उदाहरणार्थ ३५२४ घेतल्यास ५४३२ – २३४५ = ३०८७, मग ८७३० – ०३७८ = ८३५२, आणि ८५३२ – २३५८ = ६१७४. यापुढे ६१७४ च येत राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथे पोचते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. तोवर देवळालीच्या या मास्तरांचे काम फारसे कोणी मनावर घेतले नव्हते.

जागा लहान, प्रश्न नेमका

या सगळ्या खोल्यांतून आपल्याला काय उचलता येईल?

पहिली गोष्ट अशी की यांपैकी कोणीही मोठ्या प्रयोगशाळेची छोटी नक्कल करण्याच्या फंदात पडले नाही. त्यांनी जागेत मावेल असा प्रश्न निवडला. पृष्ठभागाचे गुणधर्म पाण्याच्या खोलीवर अवलंबून नसतात, म्हणून २ सेंटिमीटर उंचीची पन्हळ पुरली. भ्रूण आपली सोय आपण करतो, म्हणून टेबलाचा कोपरा पुरला. दुसरी गोष्ट म्हणजे साधने साधी होती, पण मोजणी साधी नव्हती. मोजपट्टी, तराजू, दिवसागणिक नोंदी यांत कुठे सवलत घेतलेली नाही. तिसरी गोष्ट म्हणजे कोपरा लहान असला तरी तो कामासाठी राखलेला होता. मांडलेला प्रयोग रोज उचलावा लागला तर दहा वर्षांची मापने होत नाहीत. शाळेतही एक खिडकी, एक फळी आणि एक वही एवढे जरी 'हे हलवायचे नाही' म्हणून राखले तरी पुष्कळ काही सुरू होते.

पण हिशोबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लॉर्ड रॅले हेदेखील घरीच प्रयोग करीत, मात्र त्यांचे घर म्हणजे इंग्लंडमधील जमीनदारी वाडा होता. रिटा यांच्याजवळ वैद्यकाची पदवी, सूक्ष्मदर्शक आणि पाठीशी उभे कुटुंब होते. पॉकेल्सबाईंना तोच विषय शिकणारा भाऊ होता. पुस्तके देणारे, पत्राला उत्तर देणारे कोणीतरी मिळाले म्हणून ही नावे आपल्याला ठाऊक झाली. ज्यांना तसे कोणी मिळाले नाही त्यांची नावे कोणत्या इतिहासात शोधणार? ॲग्नेस आणि रिटा यांनी घरात प्रयोगशाळा थाटली ती हौसेने नव्हे, दार बंद झाले म्हणून. तेव्हा त्यांची उदाहरणे देऊन शाळांना प्रयोगशाळा नाकारणे म्हणजे दार बंद करणाऱ्यांचीच बाजू घेणे होय. शाळेला प्रयोगशाळा मिळालीच पाहिजे, आणि ती मिळेपर्यंत थांबायचेही नाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

सुरुवात म्हणून पॉकेल्सबाईंची पन्हळ वर्गात करून पाहा. सरळ कडांचा उथळ ट्रे साबणाने घासून, साबण पूर्ण जाईपर्यंत धुवा आणि काठोकाठ पाण्याने भरा. प्लास्टिकची स्वच्छ पट्टी दोन्ही कडांवर आडवी टेकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. मागे उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि हलकी फुंकर घाला. पावडर सहज सरकेल. आता सुईचे टोक तेलात बुडवून, पुसून, पाण्याला टेकवा. पावडर झटकन बाजूला होईल. तेल पसरलेल्या भागावर पुन्हा थोडी पावडर टाकून, पट्टीने ते क्षेत्र लहान करत नेऊन फुंकर घाला आणि पावडर आता कशी सरकते ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्या. तेल दिसत नाही, पण ते किती जागा व्यापून आहे हे कळू लागते. ट्रेला बाकाची अर्धी जागा लागेल. कोणी विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी घरून येऊन वेगळेच काही सांगू लागली तर तिचे म्हणणे वहीत तारखेनिशी लिहून ठेवा.